दोनचा रकाना

७ फेब्रुवारी, बुधवार

चि. मनीस,

आशीर्वाद आहेतच. ते काही भांडणावर अवलंबून नसतात.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील, ते मला माहीत आहे. ठेव, पण फाडू नकोस. यात कामाचं बोलायचं आहे.

फोनच केला असता, पण आपले फोन तुला ठाऊक आहेत. कशी आहेस, बरी. जावई कसे, बरे. गुडघा, आहे तसाच. मग दोघी वाट बघतो, समोरची कधी ठेवते म्हणून. तुझे बाबा गेले तेव्हा तू तीन दिवस इथे होतीस, तेव्हाही आपण याहून जास्त बोललो नाही. फोनवर मला जे सांगता येणार नाही, ते कागदावर जमतं का बघते.

निवृत्तीनंतर मी काय करते हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तर ऐक. नर्सिंग स्कूलच्या ग्रंथालयामागे एक खोली आहे, पूर्वी तिथे जुने एक्सरे ठेवत. टेबल, दोन खुर्च्या आणि नुसताच आवाज करणारा पंखा. दर बुधवारी दुपारी मी तिथे बसते. ज्यांना आपल्या कामाबद्दल जर्नलमध्ये लिहायचं आहे त्या नर्सेस येतात, व्यायाम करून घेणाऱ्या मुली येतात, अधूनमधून एखादा नवा डॉक्टरही येतो. मी त्यांना लिहायला मदत करते. हसू नकोस. तुझ्या आईला व्याकरण येत नाही हे मला माहीत आहे, पण मला हँडओव्हर येतो.

ज्या पोरी पाळी बदलताना खाटेपाशी उभ्या राहून पाच वाक्यांत अख्खा माणूस पुढच्या पाळीच्या हवाली करतात, त्याच पोरींपुढे कोरा कागद ठेवला की त्या 'सदर रुग्णाच्या बाबतीत असे निदर्शनास आले' असलं काहीतरी लिहायला लागतात. मी सरळ पेन काढून घेते. म्हणते, मी दुपारच्या पाळीची, आत्ता आलेय, मला काही माहीत नाही, सांग. ती बोलते, मी उतरवून घेते आणि शेवटी तिच्याच हातात देते. 'हे मी लिहिलं?' असं विचारतात. मला त्या क्षणाचं भारी कौतुक आहे. मागच्या महिन्यात एक डॉक्टर आला. सहा पानांचा लेख, पहिल्या दोन पानांत अकरा वरिष्ठांचे आभार. मी विचारलं, पेशंट कुठाय? तो म्हणाला, आहे की, तिसऱ्या पानावर. म्हटलं, तोवर जिवंत असेल ना रे?

आता कामाचं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातली एक सिस्टर सध्या माझ्याकडे येते. सगळे तिला टिकटिक म्हणतात, कारण गणवेशावर उलटं घड्याळ लावलेलं असतं आणि बोलताना तिचं लक्ष निम्मं तिकडेच. पस्तिशीची असेल. बोलते कमी. तिचा लेख दुपारी दोनच्या नोंदीबद्दल आहे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवसापासून रुग्णाची नाडी, ताप, रक्तदाब, श्वास दुपारी दोनला बघायचं गेली काही वर्षं बंद आहे. सकाळी दहाला बघतात, मग एकदम संध्याकाळी सहाला. तिचं म्हणणं, दोनची नोंद परत सुरू करावी.

संदर्भांच्या यादीत चौथा लेख तुझा आहे. ती नोंद बंद झाली ती तुझ्या लेखामुळे, हे तुला मी सांगायला नको.

ती इथे आली मी निवृत्त झाल्यावर, तू माझी मुलगी आहेस हे तिला माहीत नाही. तुझं आडनाव आता वेगळं. मीही बोलले नाही. तुला मात्र कळवावंसं वाटलं. त्या वेळी आपण रेकॉर्ड रूममधून काढलेले चार्ट, त्यांच्या नकला वगैरे तुझ्याकडे अजून आहेत का? सहज विचारते.

तुझी,
आई


२२ फेब्रुवारी

मने,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पोस्टमन गेल्यावर दार उघडून बघितलंच.

टिकटिकचा लेख काल जर्नलकडे गेला. तुला आकडे सांगून ठेवते, कारण छापून आल्यावर कुणीतरी तुझ्या टेबलावर आणून टाकणारच, आणि ते तुला दुसऱ्यांकडून कळावं असं मला वाटत नाही. सात महिने तिने स्वतः दोनला नोंदी घेतल्या. मेट्रनची परवानगी घेऊन, रीतसर. सकाळची पाळी दोनला संपते, तर ती पाळी संपवून तासभर थांबायची. दुपारची असली तर आल्या आल्या आधी तेच. दोनशे बारा रुग्ण. त्यातले अकरा जण दहा वाजता ठणठणीत होते आणि दोन वाजता बिघडायला लागले होते. अकराही वाचले.

हे तिने का सुरू केलं ते लेखात नाही, मला तोंडी सांगितलं. तिच्या वॉर्डात चित्रकला शिकवणारे एक मास्तर होते, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले. तिसरा दिवस. सकाळी दहाला नाडी बघताना तिला म्हणाले, सिस्टर, तुमचा हात असाच धरून ठेवा, मी चित्र काढतो. ती हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मधले आठ तास त्यांना कुणी हात लावला नाही, कारण लावायचा नियमच नव्हता. सहाला गेली तेव्हा ते घामाने भिजले होते आणि रक्तदाब लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले. हे सांगताना ती रडली नाही. घड्याळाकडे बघत बसली.

लेख पाठवण्याआधी तिने मला विचारलं, "सिस्टर, एक अडतंय. त्या चौथ्या संदर्भात अकराशे चार्ट तपासलेत. तरी दहाच्या आणि दोनच्या नोंदीत काही फरकच सापडला नाही म्हणतात. मला दोनशेत अकरा सापडले. मग त्यांना एकही कसा नाही? काय लिहू?"

मी म्हटलं, रुग्ण वेगळे असतील. तेव्हाच्या शस्त्रक्रिया वेगळ्या असतील.

तिने खाली मान घालून तसंच लिहिलं. मोठ्या सिस्टर म्हणतात म्हणजे असणार. वेळ मारून नेली झालं.

त्या लेखासाठी झालेल्या तुझ्या सत्काराला मी आले नाही, ते गुडघ्यामुळे. तेव्हा सांगितलं होतं, परत सांगते. त्यानंतर फोनवर तू म्हणालीस, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," आणि मी म्हणाले, "कागद चाळून रुग्ण कळत नाहीत." तू डॉक्टर, मी नर्स, म्हणून मी ते टोचून बोलले असं तू धरून चाललीस. नऊ वर्षं मी तुला तसंच धरू दिलं.

थंडी कमी झाली आहे. स्वेटर धुऊन ठेवले.

आई


१५ मे, बुधवार

मने,

दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. लेख आवडला आहे. पहिल्याने चार बारीक दुरुस्त्या सांगितल्यात. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारलाय, अर्ध्या पानाचा. चौथ्या संदर्भाचे निष्कर्ष आणि तुमचे निष्कर्ष इतके उलटे का, याचं समाधानकारक कारण दिल्याशिवाय लेख स्वीकारता येणार नाही. 'रुग्ण वेगळे असावेत' हे पुरेसं नाही.

टिकटिक तो कागद घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "माझंच मोजायला चुकलं असेल का हो?"

तिने खरोखरच तसं विचारलं गं. सात महिने पाळी संपल्यावर पाय दुखेपर्यंत उभी राहिलेली बाई. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी बोलू. घरी आले आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. आता लिहायला घेतलं आहे ते सगळं लिहूनच उठेन.

गुडघ्याचं खोटं होतं.

दोन वाजता काय होतं ते तुला माहीत आहे, पण तू ते डॉक्टरांच्या बाजूने बघितलंस. दोनला पाळी बदलते. सकाळची पोरगी सातपासून उभी असते, तीस खाटा, एकीच्या वाट्याला. दुपारची आलेली असते, तिला हँडओव्हर द्यायचा, औषधांच्या किल्ल्या द्यायच्या, भेटायला आलेल्या नातेवाइकांना आवरायचं. आणि चार्टवर छापील रकाने: सहा, दहा, दोन, सहा. दोनचा रकाना सकाळच्या पाळीचा की दुपारच्या, हे कधी कुणी ठरवलंच नाही. सकाळची म्हणायची दुपारची बघेल, दुपारची म्हणायची सकाळची भरून गेली असेल. पण संध्याकाळी मेट्रन फेरीला आली आणि रकाना रिकामा दिसला तर बोलणी मी खायची. वॉर्ड माझा होता.

म्हणून माझ्या वॉर्डात दोनचा रकाना दहाच्या रकान्यावरून भरत. तीस खाटा, पंधरा मिनिटं, टेबलाशी बसून. नुसता उतरवायचा नाही. अगदी तोच आकडा आला तर डोळ्यांवर येतो. नाडीत दोन वाढवायचे नाहीतर दोन कमी करायचे. ताप एक रेघ वर नाहीतर खाली. श्वास तसाच राहू द्यायचा, श्वास कुणीच बघत नाही. नव्या मुली आल्या की हे त्यांना शिकवावं लागायचं. कोण शिकवायचं, ते मी आता लिहिते. मी शिकवायचे.

सगळे असंच करायचे असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. बहुतेक करायचेही. पण तू ज्या अकराशे चार्टांवर लेख लिहिलास ते सगळ्यांचे नव्हते. माझ्या वॉर्डाचे होते. रेकॉर्ड रूमच्या माणसाला सांगून मीच गठ्ठे काढून दिले, धूळ झटकून. प्रत्येक चार्टच्या खाली माझी सही.

चार्ट मागायला तू आलीस तेव्हा मला वाटलं, तू तापाचं किंवा जखमेचं काहीतरी बघशील. दोनच्या रकान्याकडे कुणी बघेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मग एका रविवारी तू धावत आलीस. मी ओट्याशी चहा गाळत होते. म्हणालीस, "आई, दोनच्या नोंदीत काहीही नवीन नसतं! अकराशेत एकातसुद्धा नाही! ती बंद केली तर तुम्हा लोकांचा केवढा वेळ वाचेल, माहितीये?" तू हे माझ्यासाठी केलं होतंस. आईचे पाय दुखतात म्हणून. तुझा चेहरा असा फुललेला मी तू दहावी झालीस तेव्हा बघितला होता, त्यानंतर तेव्हाच.

दोनच्या नोंदीत नवीन काही नव्हतं, कारण ती नोंदच नव्हती. एवढं एक वाक्य. गाळणी खाली ठेवून सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, छान.

आधी लाज वाटली म्हणून बोलले नाही. मग लेख छापून आला म्हणून बोलले नाही. मग तुझा सत्कार ठरला, आणि त्या सभागृहात बसून टाळ्या वाजवणं मला झेपणार नव्हतं. मी घरी राहिले. पुढे आमच्याच हॉस्पिटलने दोनची नोंद बंद केली, माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. पोरी खूश झाल्या. कुणीतरी मला म्हणालंही, तुमच्या लेकीने आमचं भलं केलं.

आता रोज डोक्यात एकच येतं. माझ्या वॉर्डात त्या मास्तरांसारखं कुणी गेलं का? बत्तीस वर्षांत गेलंही असेल. आठवून बघते. चेहरे आठवतात, खाटांचे नंबर आठवतात. पण चार्ट काढून बघितले तरी काय कळणार? रकान्यात सगळे ठीकच आहेत.

मने, तुझ्या हाताखाली आज दहा-वीस डॉक्टर आहेत, आणि तुझं नाव ज्या लेखामुळे झालं तो हाच. तो खोट्यावर उभा आहे हे बाहेर आलं तर लोक माझ्याकडे बोट दाखवणार नाहीत, मला ओळखतं कोण? तुझ्याकडे दाखवतील. आणि बाहेर आलं नाही, तर टिकटिकचा लेख अडेल, दोनची नोंद बंदच राहील आणि दहा ते सहा माणसं पडून राहतील. मला दोन्ही दिसतंय. मी अजून काही ठरवलेलं नाही.

रागाव. पण वाच.

आई


२ जून

चि. मनीस,

ठरवलं. म्हणजे ठरलंच होतं, धीर गोळा करत होते.

मागच्या दोन बुधवारी टिकटिकला काही ना काही सांगून परत पाठवलं. पहिल्यांदा ताप आला म्हटलं. दुसऱ्यांदा ती दारातूनच म्हणाली, "सिस्टर, लेख मागे घेऊ का? तुम्हाला माझ्यामुळे त्रास होतोय." तेव्हा मला माझीच शिसारी आली. जिथे मी पोरींना बेधडक लिहायला शिकवते त्याच खोलीत बसून मी एकीला गप्प बसायला शिकवत होते.

जर्नलमध्ये संपादकांना पत्र पाठवायची सोय असते. छापून आलेल्या एखाद्या लेखाबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर तिथे सांगता येतं. मी नऊ वर्षं जुन्या लेखाबद्दल पत्र लिहिलं आहे. मसुदा खाली उतरवते. इतरांचं इतकं लिहून दिलं, स्वतःचं लिहायला अकरा कागद फाडले. शेवटी मीच मला म्हटलं, मी दुपारच्या पाळीची, आत्ता आलेय, सांग.

'संपादकांस. आपल्या जर्नलमध्ये नऊ वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेनंतरच्या दुपारी दोनच्या नोंदींबद्दल एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेले अकराशे चार्ट मी प्रमुख असलेल्या वॉर्डातले आहेत. त्या चार्टवरच्या दुपारी दोनच्या नोंदी बहुतांशी प्रत्यक्ष रुग्ण तपासून घेतलेल्या नाहीत. त्या सकाळी दहाच्या नोंदींवरून, किरकोळ फेरफार करून, टेबलाशी बसून भरलेल्या आहेत. ही पद्धत वॉर्डात माझ्या माहितीने होती आणि नव्या परिचारिकांना ती मी शिकवली. म्हणून दहा आणि दोनच्या नोंदींत फरक आढळला नाही. या लेखाच्या आधारे कुठे दोनची नोंद बंद केली असेल तर ती पुन्हा सुरू करावी. लेखिका डॉक्टरांना या प्रकाराची कल्पना नव्हती. चार्ट मी पुरवले. जबाबदारी माझी आहे.'

खाली माझं नाव, माझं तेव्हाचं पद, आत्ताचा पत्ता.

हा मसुदा मी तुला परवानगीसाठी पाठवत नाही. तू हो म्हण, नाही म्हण, बोलू नकोस, पंधरा दिवसांनी मी तो टाकणार आहे. फक्त तुला आधी कळावं. तुझ्या विभागातल्या लोकांना, जावयांना तुला आधी तुझ्या तोंडाने सांगता यावं. तुझ्याबद्दलचं ते वाक्य मुद्दाम घातलं आहे, ते नीट वाच. कुणी विचारलं तर तेच दाखव.

तुला नको तितकं दुखावलं आहे. माफी मागायची तर कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करू तेच कळत नाही, म्हणून सगळ्याचीच मागते.

आई


१९ जून, बुधवार

मने,

तुझं पाकीट काल आलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच, उतरत्या पायऱ्यांसारखं खाली जाणारं.

मला वाटलं होतं तू ओरडशील. किंवा वकिलाचं पत्र पाठवशील, असंसुद्धा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. तू माझाच मसुदा परत पाठवलास. फक्त एका वाक्यावर लाल रेघ. 'लेखिका डॉक्टरांना या प्रकाराची कल्पना नव्हती.' आणि समासात लिहिलंस: हे काढ. खरं नाही. मला कळलं होतं.

खुर्ची ओढून बसले आणि मागचं पान वाचलं. तू लिहितेस, आकडे मांडताना तिसऱ्याच दिवशी तुझ्या लक्षात आलं. दोनची नाडी दहाच्या नाडीपेक्षा दोनने वर नाहीतर दोनने खाली. चारने नाही, सहाने नाही. अकराशे माणसांची हृदयं इतकी शिस्तीत चालत नाहीत. तू पानं उलटत गेलीस आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. तू लिहितेस, 'कुणाला तरी विचारायला हवं होतं आणि विचारायचं तर तुलाच विचारावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. तुझ्यासाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगितलं. पण लेखही मला हवाच होता, आई.' पुढे लिहितेस, त्या रविवारी तू धावत आलीस ते खरं तर माझा चेहरा बघायला. मी 'छान' म्हणाले आणि तू समजलीस की आपण दोघींनी न बोलता ठरवलं आहे. मग मी सत्काराला आले नाही. तुला वाटलं, आई स्वतः नामानिराळी राहिली आणि चोर मला ठरवलं.

नऊ वर्षं मी समजत होते की मी तुझ्यापासून लपवते आहे. आणि तू तिकडे समजत होतीस की मला सगळं माहीत असून मी तुझं तोंड बघत नाही. हे वाचून मी मोठ्याने रडले. शेजारीण विचारायला आली, तिला म्हटलं, कांदा.

ते वाक्य काढलं. त्या जागी तू लिहिलेलं घातलं: 'नोंदी संशयास्पद आहेत हे लेखिकेच्या लक्षात आले होते, तिने चौकशी केली नाही.' शब्द कठोर आहेत. मऊ करावेसे वाटले, पेन उचललंही होतं. पण तुझे आहेत, म्हणून राहू दिले.

आज दुपारी टिकटिकला बसवून सगळं सांगितलं. तो वॉर्ड माझा, ती डॉक्टर माझी मुलगी. पत्राचा मसुदा वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. मी म्हटलं, दुसऱ्या परीक्षकाला हेच उत्तर दे, माझ्या पत्राचा हवाला देऊन. तिने मसुद्याची घडी घातली. मग म्हणाली, "ते मास्तर होते ना, त्यांची बायको अजून वॉर्डात येते. मला विचारते, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी काय सांगू तिला?"

मी म्हटलं, माझं नाव सांग.

ती म्हणाली, "तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतंत?" तिला धीर द्यायला म्हणून नाही, मला खरंच 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि निघालं 'नाही'. तिने मान हलवली, कागद गोळा केले, घड्याळ बघितलं आणि गेली. पुढच्या बुधवारी येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आली तरी मी तिला दोष देणार नाही. लेख मात्र तिचा निघेल, आता त्याला कुणी अडवू शकत नाही.

येताना पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केलं. खाली दोन नावं आहेत, आधी माझं, मग तुझं. मसुद्याखाली तू स्वतःचं नाव माझ्या नावाच्या वर लिहिलं होतंस, मी क्रम बदलला. एवढा अधिकार आईचा म्हणून ठेव.

आता तुझ्या मागच्या पानाबद्दल. 'मी विचारायला हवं होतं' हे तू तीन वेळा लिहिलं आहेस. ते तुझ्या मनातून मी काढू शकत नाही आणि काढणारही नाही, कारण ते खरं आहे. पण टिकटिकला जे सांगितलं ते तुलाही सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. त्या रविवारी तू मला सरळ विचारलं असतंस, 'आई, हे आकडे खरे आहेत का,' तर मी तुझ्या डोळ्यांत बघून 'हो' म्हणाले असते. बिनदिक्कत म्हणाले असते. तू विचारलं नाहीस म्हणून खोटं तरलं असं समजू नकोस. विचारलं असतंस तरी ते तरलं असतं.

तू लिहितेस, 'सुट्टी मिळाली तर येऊ का?' हे विचारायची वेळ मी तुझ्यावर आणली. ये. पत्र छापून येईपर्यंत थांबू नकोस, त्याआधी ये. आणि जे काही विचारायचं असेल ते समोर बसून विचार. मला ऐकायला जड जाईल असंही विचार. आता मी खरं सांगेन.

आई